बारीक कामाचा एअरब्रश: नोझल ०.२ घ्यावा की ०.३?

प्रश्न: मी बँकेतून निवृत्त झालो असून दांडिया बाजारात राहतो. लहानपणी डभोईच्या छोट्या गाडीने पुष्कळ प्रवास केला. आता त्या अरुंद रुळांच्या गाडीची १:८७ प्रमाणातील इंजिने आणि डबे घरी तयार करतो. शिवाय भाद्रपदात घरच्या शाडूच्या गणपतीचे रंगकामही माझ्याकडेच असते. आजवर कुंचला आणि डबीतला स्प्रे यांवर भागवले. आता एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंगाचा फवारा मारणारे पेनासारखे साधन, घ्यायचा आहे. दुकानदार म्हणतात, सर्वांत लहान नोझलचा (रंग बाहेर पडणाऱ्या तोटीचा), म्हणजे ०.२ मि.मी.चा घ्या, काम आपोआप बारीक होईल. मुलाचे मत ०.३ चे आहे. डब्यांवरील पिवळ्या पट्ट्या, इंजिनावरची काजळी, मूर्तीच्या पितांबराच्या चुण्या आणि डोळ्यांची आखणी एवढी कामे मला करायची आहेत. कोणता घ्यावा?
(एक वाचक, वडोदरा)

उत्तर: आपण कामांची यादी दिली आहे, म्हणून उत्तर नेमके देता येते. आपल्या यादीत बारीक कामे दोन जातींची आहेत. पट्ट्या आणि डोळ्यांची आखणी हे रेघेचे काम आहे, तर काजळी आणि चुण्या हे छटेचे. एअरब्रश मूलतः छटेचे साधन आहे. त्याच्या फवाऱ्याची कड मऊ असते आणि तीच त्याची खरी किंमत आहे. रेघेसाठी त्याच्याकडे गेलात, तर कितीही महाग साधन घेतले तरी निराशा पदरी पडेल.

हिशेबच करून पाहा. डभोईच्या गाडीचा मार्ग ७६२ मि.मी. रुंदीचा होता, १:८७ प्रमाणात तो पावणेनऊ मिलिमीटरचा होतो. खऱ्या डब्यावरची २५ मि.मी.ची पट्टी याच प्रमाणात ०.३ मि.मी.हूनही किंचित कमी भरते. नोझलवर ०.२ लिहिलेले असते, तो छिद्राचा व्यास असतो. कागदावर उमटणाऱ्या रेघेची जाडी नव्हे. फवारा बाहेर पडताच पसरू लागतो, आणि मुक्तहस्ताने एक मिलिमीटरच्या आतबाहेर सलग रेघ ओढता येणे हीच सरावलेल्या हाताची कमाई समजावी. तेव्हा पट्ट्यांसाठी बारीक मास्किंग टेप लावून फवारा मारावा, किंवा रेघा ओढण्याची जुनी रूलिंग पेन वापरावी. डोळ्यांची आखणी तर शून्य क्रमांकाच्या कुंचल्यानेच करावी. आपल्याच शहरातील तांबेकर वाड्याच्या भिंतींवरची चित्रे एकदा जवळून पाहा. ती रेघ केसांच्या कुंचल्याची आहे, आणि तिची धार फवाऱ्याला कधीच साधणार नाही. मात्र पापणीखालची सावली, गालांवरची लाली आणि सोंडेच्या वळणावरील उजेड-अंधार यांत एअरब्रशने जे मार्दव येते, ते कुंचल्याला जमत नाही.

आता निवडीकडे येतो. एअरब्रश दुहेरी क्रियेचा असावा, म्हणजे ट्रिगर खाली दाबला की हवा आणि मागे ओढला की रंग, असे दोन्ही हुकूम एकाच बोटाच्या ताब्यात राहतात. रंगाचा कप वरच्या बाजूला असावा, कारण तेथून रंग स्वतःच्या वजनाने उतरतो आणि कमी दाबावरही काम चालते. बारीक कामाला कमी दाब हवा असतो, हे पुढे येईलच. एकेरी क्रियेचा स्वस्त एअरब्रश अस्तरापुरता (रंगाखालच्या पहिल्या थरापुरता) ठीक असला तरी काजळीच्या छटा त्याने येत नाहीत.

नोझलबाबत मुलाचे म्हणणे मला अधिक पटते, आणि त्याचे कारण रंगाच्या जातीत आहे. ०.२ च्या छिद्रातून अस्तराचा दाट रंग, धातूच्या कणांचा सोनेरी रंग आणि मूर्तीसाठी आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे पोस्टर कलर सुखाने जात नाहीत. पोस्टर कलरचा कण भरड असतो आणि त्यात डिंक असतो. पातळ नायलॉनच्या कापडातून गाळून घेतला तरी तो अधूनमधून अडकतोच. पितांबराचा सोनेरी रंग ०.२ मधून मारू पाहाल, तर अर्धा वेळ नोझल धुण्यातच जाईल. ०.३ किंवा ०.३५ वर ही सर्व कामे होतात आणि रंग योग्य पातळ असेल तर काजळीच्या पुसट रेषाही होतात. इवाटा कंपनीचा एचपी-सी प्लस ०.३ चा आहे, तर एचपी-सीएस ०.३५ चा, दोन्ही या कामाला पुरेसे आहेत.

तरीही आपल्यासाठी माझा कौल हार्डर अँड स्टीनबेक कंपनीच्या इव्होल्यूशन सिल्व्हरलाइनच्या दुहेरी संचाला आहे. त्यात ०.२ आणि ०.४ अशा दोन्ही सुया (नोझलच्या छिद्रात बसून रंग कमीजास्त सोडणाऱ्या) आणि त्यांचे नोझल मिळतात. अस्तर आणि सोनेरी रंग ०.४ ने करावा, काजळी आणि गालांची लाली ०.२ ने. शिवाय त्याचा नोझल आट्यांचा नसून पुढच्या टोपीच्या दाबाने जागेवर बसतो. इवाटाच्या कस्टम मायक्रॉनसारखी ०.१८ ची अतिबारीक साधने उत्तम असली, तरी पहिला एअरब्रश म्हणून ती घेऊ नयेत.

आट्यांबद्दल इतक्या आस्थेने सांगण्याचे कारण असे की, मी पहिला एअरब्रश घेतला तेव्हा त्याचा नोझल तांदळाच्या दाण्याहून लहान होता आणि तो छोट्या पान्याने फिरवून बसवावा लागे. एका रात्री धुतल्यावर मी तो अंमळ जोराने कसला आणि आटे असलेला भाग तुटून आतच राहिला. दुकानात सुटा नोझल मागितला, तर तो मिळत नाही असे उत्तर आले. पूर्ण साधन अडगळीत गेले. म्हणून पैसे देण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: या एअरब्रशचा सुटा नोझल आणि सुटी सुई आज आपल्याकडे आहे का? उत्तर नकारार्थी असेल, तर साधन कितीही देखणे असले तरी घेऊ नये.

सुईचे टोक हीच दुसरी नाजूक जागा. बारीक काम करताना सुईच्या टोकावरची संरक्षक टोपी (नोझल धरणारी नव्हे) काढून कागदापासून एक-दोन सेंटिमीटरवर धरावे लागते आणि उघडी सुई कुठेही टेकली की टोक वाकते. टोक वाकले की फवारा एका बाजूला पडू लागतो. अंगठ्याच्या नखावरून सुई हलकेच मागे ओढून पाहावी. टोक अडखळले तर ते वाकलेले आहे.

प्रश्न: माझ्याकडे ०.२ चा चांगला एअरब्रश आहे, पण वैशाखात दर दोन मिनिटांनी रंग थांबतो आणि पावसाळ्यात मधूनच पाण्याचे थेंब उडतात. साधन बदलावे का?
(एक वाचक, वाघोडिया रोड, वडोदरा)

उत्तर: साधन बदलू नये; दोन्ही दोष आपल्या हवामानाचे आहेत. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा ॲक्रिलिक रंग सुईच्या टोकावरच सुकतो. रंगात सुकणे लांबवणारे रिटार्डर थेंबभर घालावे, जवळ ओला कुंचला ठेवून मधूनमधून टोक पुसावे आणि शक्य झाल्यास पहाटे काम करावे. पावसाळ्यात दमट हवा कॉम्प्रेसरमध्ये, म्हणजे हवा पुरवणाऱ्या यंत्रात, दाबली जाते आणि तिच्यातील पाणी नळीत थेंबांच्या रूपात साचते. त्यासाठी दाब कमीजास्त करणाऱ्या रेग्युलेटरबरोबर पाणी अडवणारा फिल्टर हवाच. कॉम्प्रेसरला तीनेक लिटरची टाकी असेल तर हवा धडधडत न येता एकसारखी येते.

दाबाचा काटा ट्रिगर दाबलेला असताना वाचावा. हवा सुटली की तो खाली येतो आणि खरा दाब तोच असतो. दुधाइतक्या पातळ रंगाला १५ ते २० पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) पुरतात. बारीक रेषेसाठी रंग शाईसारखा पातळ करावा आणि दाब १० च्या आसपास आणावा. रंग पातळ करून दाब तसाच ठेवला, तर कोळ्याच्या पायांसारखे ओघळ पसरतात आणि लोक नोझलला दोष देतात. काम संपले की कपातून स्वच्छ पाणी निघेपर्यंत फवारा चालू ठेवावा, मगच सुई काढावी. रंग पाण्याचा असला तरी मास्क लावावा, आणि खिडकी उघडी असावी.