कचराभूमीच्या नियोजित जागेवर एकच बोअर घेऊन भूजल कळतं का?

नाही, एका बोअरवरून पाणी किती खोल आहे एवढंच कळतं. ते कुठल्या दिशेला वाहतं हे कळायला किमान तीन बोअर लागतात, आणि तेही एका रेषेत नकोत. तिन्हींच्या तोंडाची उंची लेव्हलिंगने (उंचीतला फरक मोजून) एकाच संदर्भ-उंचीला बांधून पाण्याच्या पातळ्या काढल्या की उतार मिळतो. गळालेलं घाण पाणी कुणाच्या विहिरीकडे जाणार, हे त्या उतारावर ठरतं, म्हणून इथे काटकसर करूच नका. भूजल तपासणीच्या कामात मी आधी मातीचा नमुना मोडून पाहतो. राखाडी चिकणमातीत तांबूस, गंजासारखे डाग दिसले तर पाणी कधीतरी तिथपर्यंत चढतं, मग आज बोअर कोरडं असलं तरी. त्यामुळे एकदाच मोजू नका, निदान वर्षभर मोजा.

कचऱ्याखाली घालायच्या मातीच्या अस्तरासाठी पारगम्यता, म्हणजे मातीतून पाणी झिरपण्याचा वेग, साधारण सेकंदाला १ मीटरचा अब्जावा भाग किंवा त्याहून कमी लागते. ही चाचणी जागेवरही करा. प्रयोगशाळेतल्या छोट्या नमुन्यात भेगा येत नाहीत, त्यामुळे आकडा फसवा चांगला येतो.

मात्र भेगाळलेल्या कठीण खडकात तीन बोअरचं गणित चुकू शकतं, कारण पाणी उतारापेक्षा भेगांच्या वाटेने पळतं. तिथे बोअर वाढवा, पंपिंग टेस्ट घ्या, म्हणजे एका बोअरमधून पाणी उपसून पातळ्या कशा बदलतात ते पाहा. आणि काम संपलेली बोअर बेंटोनाइटने (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीने) नीट बुजवा, नाहीतर तीच घाण खाली उतरायची वाट होतात.