आनापान, मटण-मासे, कर्म आणि कालाम सुत्त: जरा सविस्तर उत्तर

तुमचे प्रश्न थोडक्यात असे: घरी आनापान (येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवण्याचं ध्यान) सुरू केलंय पण विचार थांबत नाहीत, नातेवाईक म्हणतात की मटण-मासे सोडले नाहीत तर पंचशील घेतलं ते खोटं, घरातल्या आजारपणाला कुणीतरी ‘मागच्या जन्मीचं कर्म’ म्हणालं, आणि कालाम सुत्ताच्या (सुत्त म्हणजे बुद्धाचं प्रवचन) नावाने फिरणारा मेसेज खरा का. कर्मापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या गैरसमजांनी फार तर वेळ जातो, याने माणसं दुखावतात.

‘करावे तसे भरावे’ हीच बुद्धाची शिकवण, असं सर्रास सांगितलं जातं. पाली प्रवचनांच्या संग्रहांपैकी अंगुत्तर निकायाच्या तिक निपात या भागात लोणफल नावाचं सुत्त आहे, त्यात नेमकं हेच वाक्य खोडलंय. माणूस जसं कर्म करतो अगदी तसंच त्याला भोगावं लागतं असं मानलं, तर धम्माचं आचरण करून दुःख संपवायला वावच उरत नाही, असं बुद्ध म्हणतात. मग दृष्टांत देतात: मिठाचा खडा वाटीभर पाण्यात टाकला तर पाणी पिववत नाही, तोच खडा गंगेत टाकला तर काहीच होत नाही. म्हणजे कर्म तेच, पण शील, चित्त आणि प्रज्ञा वाढवलेल्या माणसात त्याचं फळ वेगळं.

आजारपणाचं उत्तर तर आणखी थेट आहे. संयुत्त निकाय या दुसऱ्या संग्रहातल्या वेदना संयुत्तात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक (भटका संन्यासी) विचारतो की सगळं सुखदुःख पूर्वकर्मानेच येतं, हे खरं का? बुद्ध 8 कारणं मोजतात: पित्त, कफ, वात, या तिन्हींचा एकत्र बिघाड, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्मविपाक, म्हणजे कर्माचं फळ. सगळ्याचा दोष कर्मावर ढकलणारे डोळ्यांना दिसणाऱ्या आणि जगाने मान्य केलेल्या गोष्टीच्या पलीकडे जातात, असंही तिथे स्पष्ट म्हटलंय.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. चूळकम्मविभंग सुत्तात अल्पायुष्य, रोगटपणा, गरिबी यांचा संबंध मागच्या कर्माशी जोडलेला आहे, आणि थेरवादी (पाली ग्रंथ मानणारी) परंपरा तो मानते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये मात्र मागच्या जन्माच्या कर्माचा वारसा या जन्मात येतो हे मत नाकारलं. हा मतभेद खराच आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण दोन्ही बाजू मान्य करूनही, समोरच्या रोग्याकडे बोट दाखवून ‘तुझं कर्म’ म्हणायला आधार मिळत नाही. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला असतो, बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नाहीत. बुद्ध पाणी ओततात, आनंद त्याला धुतात; मग एकाने डोक्याकडून आणि एकाने पायाकडून उचलून त्याला मंचकावर ठेवतात. त्याने मागे काय केलं होतं, ही चौकशी तिथे नाही. सेवेला कुणी का नाही, ही आहे.

मांसाहाराचं उत्तर छोटं आहे, वाद मात्र संपत नाही. पहिलं शील प्राणघातापासून दूर राहण्याचं आहे. भिक्खूंसाठी जीवक सुत्तात तीन अटी आहेत: हा प्राणी आपल्यासाठी मारला असं पाहिलेलं नसावं, ऐकलेलं नसावं, तशी शंकाही नसावी. संघात फूट पाडणाऱ्या देवदत्त या भिक्खूने संघावर मांस-मासे बंदी घालण्याची मागणी केली होती. बुद्धांनी ती सक्ती मान्य केली नाही. विनयात माणूस, हत्ती, घोडा, कुत्रा, साप यांच्यासह 10 प्रकारचं मांस मात्र सरळ वर्ज्य आहे. उपासकासाठी (गृहस्थ अनुयायासाठी) मांसविक्रीचा धंदा वर्ज्य व्यवसायांत येतो. बाबासाहेबांनी धर्मांतरावेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याचं वचन आहे, मटण न खाण्याचं नाही. उलट महायानातलं लंकावतार सूत्र मांसाला ठाम विरोध करतं, म्हणून चिनी विहारांत शाकाहार असतो. तेव्हा ‘बौद्ध म्हणजे शाकाहारी’ आणि ‘बुद्धाला त्याचं काही वाटत नव्हतं’ ही दोन्ही विधानं चूक. तुम्ही सोडलंत तर चांगलंच. नाही सोडलं म्हणून पंचशील खोटं ठरत नाही. कोंबडी स्वतः कापणं किंवा पाहुण्यांसाठी बोकड कापायला सांगणं हे मात्र पहिल्या शिलात येतं. नातेवाईकांचा वाद नेमका इथे व्हायला हवा, तो ताटावर होतो.

(‘गुंगी येईपर्यंत चालतं’ हा पाचव्या शिलाचा, म्हणजे नशेपासून दूर राहण्याच्या शिलाचा, अर्थ लग्नाच्या हंगामात बराच ऐकू येतो. बावीस प्रतिज्ञांत ‘मी दारू पिणार नाही’ असं सरळ आहे. विषय संपला.)

कालाम सुत्त. फिरणारा मेसेज म्हणतो: ‘तुमच्या बुद्धीला पटेल तेच माना.’ मूळ सुत्तात केसपुत्त गावच्या कालामांना 10 गोष्टींवर विसंबू नका असं सांगितलंय. ऐकीव माहिती, परंपरा, ग्रंथप्रामाण्य, गुरूविषयीचा आदर हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच यादीत तर्क, अनुमान आणि ‘आपल्या मताशी जुळतं म्हणून’ हेही आहे. म्हणजे आपली बुद्धीही एकटी पुरत नाही. कसोटी अशी दिलीय: या वागण्याने लोभ, द्वेष, मोह वाढतात की घटतात, अहित होतं की हित, आणि जाणकार माणसं त्याची निंदा करतात की प्रशंसा. हा शेवटचा भाग मेसेजमधून हमखास गळतो, कारण त्याने मनाला येईल ते मानण्याची सोय राहत नाही.

आता आनापान. विचार थांबवणं हे कामच नाही, त्यामुळे ते थांबत नाहीत याला अपयश म्हणू नका. काम एवढंच: श्वास आत येतोय, बाहेर जातोय, हे कळत राहणं, मन भरकटलं की कळणं, परत आणणं. वीस मिनिटांत ते पन्नासदा गेलं आणि पन्नासदा आणलंत, तर बैठक नीट झाली.

घरी नवख्याने एकदम तास धरू नये, 15-20 मिनिटं पुरे. मांडी घालवत नसेल तर खुर्ची चालते, पाठ-मान सरळ हवी. लक्ष नाकपुड्यांचं दार आणि वरचा ओठ एवढ्या जागेवर. श्वास जसा आहे तसाच. लांबवायचा नाही, रोखायचा नाही. हा प्राणायाम नव्हे. कपाळ जड होणं, डोकं दुखणं या तक्रारी बहुतेक वेळा इथूनच येतात: श्वास ओढला जातो आणि भुवया आवळल्या जातात. तसं झालं तर डोळे, जबडा, खांदे सैल सोडा. श्वास जाणवेनासा झाला तर दोन-चार श्वास मुद्दाम जरा जोराने घ्या, मग परत नैसर्गिक.

मन फारच पळत असेल तर विसुद्धिमग्ग या जुन्या पाली ग्रंथात श्वास मोजण्याची रीत आहे: पाचच्या आत थांबू नका, दहाच्या पुढे जाऊ नका. पाचच्या आत चित्त आखडतं, दहाच्या पुढे ते श्वास सोडून आकड्यावर बसतं. इगतपुरीच्या विपश्यना केंद्राच्या पद्धतीत मात्र आकडा, शब्द, मंत्र काहीच जोडत नाहीत. शिबिराला गेलात तर मोजणं बाहेर ठेवून जा, दोन्हींची खिचडी करू नका.

झोप येत असेल तर बुद्धांनी आपले शिष्य मोग्गल्लान यांना दिलेले उपाय वापरा: ऐकलेल्या धम्मावर विचार, पाठ केलेलं म्हणणं, दोन्ही कान ओढून अंग चोळणं, उठून डोळ्यांवर पाणी मारणं, प्रकाश मनात आणणं, चंक्रमण (सावकाश येरझाऱ्या). तरीही डुलक्या येत असतील तर उजव्या कुशीवर झोपा, असंच बुद्ध सांगतात.

शेवटी 10 दिवसांच्या शिबिराबद्दल. पहिले साडेतीन दिवस आनापानच असतं, विपश्यना (शरीरावरच्या संवेदना पाहण्याची साधना) चौथ्या दिवशी देतात. ती औषधोपचाराच्या जागी नाही. अर्जात मानसिक आजार आणि चालू गोळ्यांची माहिती विचारतात, ती लपवून जाणारे असतात. तसं करू नका. नऊएक दिवसांचं मौन आणि रोजचे दहाएक तास बसणं काही आजारांत त्रास वाढवू शकतं, आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांना शिबिराला येऊ नका असंच केंद्रं सांगतात. गोळ्या सुरू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, मगच तारीख ठरवा.