भावाने दिलेल्या हंटिंग कंपाऊंड बोचे कोणते छोटे पार्ट आधी बदलू?

तुम्ही लिहिलंय की भावाने अमेरिकेहून 70 पाउंड खेचीचा वापरलेला हंटिंग कंपाऊंड बो (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) आणलाय, तुम्हाला इथे मुंबईत 50 मीटर टार्गेट मारायचंय, तर स्टॅबिलायझर (बो स्थिर ठेवणारा पुढचा दांडा) आधी घेऊ की रेस्ट (ज्यावर बाण टेकतो तो पार्ट). माझं उत्तर डी-लूप. हो, स्ट्रिंगवरची तीच दोरीची कडी जिच्यात रिलीज, म्हणजे बाण सोडायचा हातातला ट्रिगर, अडकवतो.

2023 चा ऑगस्ट. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे बर्लिनला एकाच दिवशी कंपाऊंडचे वर्ल्ड चॅम्पियन झालेले, आमच्या ग्राऊंडवर सगळ्यांच्या अंगात आलेलं, मीपण भर पावसात मुलुंडहून लोकलने बोची ती लांबडी पेटी घेऊन जायचो (गिटार का हो, हा प्रश्न ठरलेला). माझा लूप झिजून केसाळ झालेला. बदलतो म्हटलं तर एक सिनियर, त्यांना दादाच म्हणू, त्यांनी सॅकमधून ट्रेकिंगची नायलॉन दोरी काढली, अरे दोरी ती दोरी, बांध. मी म्हटलं ही वेगळी असते, गाठ सरकेल. तर म्हणे यूट्यूब बघून शहाणा झालास. चार जण हसले आणि मी गाढवासारखी बांधली.

लायटरने टोकं जाळली, पण गाठ अडेल असा घट्ट गोळाच होईना. तिसऱ्या बाणाला अर्ध्या खेचीतच सुटली. फुल ड्रॉला, म्हणजे स्ट्रिंग पूर्ण खेचल्यावर, हातात दहा-बारा पाउंड उरतात, मधे मात्र पूर्ण वजन असतं, माझं 55 होतं, ते सगळं घेऊन माझीच मूठ माझ्या ओठावर! दोन टाके. बाण पुढे चिखलात. दादा काय म्हणाले, तर तुझा अँकर (खेचलेला हात चेहऱ्याला टेकतो ती जागा) चुकतोय. अहो, अँकरपर्यंत पोचलो कुठे मी?

तर लूपचीच कॉर्ड घ्या, साडेचार इंच पुरते, दोन गाठी विरुद्ध बाजूंना, टोकं जाळून गोळा करा आणि बाण लावायच्या आधी पकडीने जोर लावून ताणून बघा. मग पीप, म्हणजे स्ट्रिंगमधली भोकाची चकती जिच्यातून नेम धरतो. हंटिंगचं पीप पाव इंची असतं, अंधुक उजेडासाठी, टार्गेटला बारीक भोक लागतं. स्ट्रिंग जुनी असेल तर ती ताणत जाते, पीप फिरतं आणि लोक तुमच्या हाताला दोष देतात, मला दिला तसा. रेस्ट ब्रशवाला असेल तर बाणाची पिसं घासतात, ड्रॉप-अवे (बाण सुटताच खाली पडणारा) बरा, पण घाई नाही. स्टॅबिलायझर सगळ्यात शेवटी. ग्रुपच येत नसताना, म्हणजे बाण एकमेकांजवळ पडत नसताना, लांब दांडा लावणं म्हणजे नुसता शो आहे.

अरे हो, स्पर्धेत 60 पाउंडाच्या वर चालत नाही, लिंब बोल्ट (बोच्या वरच्या-खालच्या पात्यांचे बोल्ट) सैल करून उतरवा, दोन्ही सारखेच फिरवा, किती फिरवायचे ते मॅन्युअलमध्ये असतं. आपल्याकडच्या दमट हवेत स्क्रू गंजतात, पुसत जा. आणि बो हंटिंगचा आहे म्हणून भलते विचार नकोत, 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. मी काही कोच नाही, तुमचं मॉडेलही बघितलेलं नाही.

पीप किंवा स्ट्रिंग घरी काढू नका, प्रेस, म्हणजे बो दाबून स्ट्रिंग सैल करणारं यंत्र, लागतो. ज्याच्याकडे प्रेस आहे त्याच्याकडे जा. दादांकडेही आहे, पण तिथे नको.