गावभागातलं घर विकायच्या आधी

बाळ,

तुझा मेसेज वाचला. घर विकायचं ठरलंय, आता पटकन कलर मारून फोटो टाकायचे आणि दिवाळीच्या आत मोकळं व्हायचं, असं लिहिलंयस. विकायचं ठरवलंस ते बरोबरच आहे, पुण्यात राहून सांगलीचं बंद घर सांभाळायचं म्हणजे दर पावसाळ्यात जिवाला घोर. पण कलर सगळ्यात शेवटी गं. बँकांसाठी घरांची व्हॅल्युएशन (किंमत ठरवणं) करण्यातच माझी सगळी नोकरी झाली, गिऱ्हाईक घरात शिरल्यावर कुठं बघतं ते मला पाठ आहे, आणि गावभागासारख्या पुराच्या भागात ते आधी भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांकडं बघतं.

कारण इथं पहिला प्रश्न एकच असतो, "२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?" खोल्या किती, पार्किंग आहे का, हे सगळं मागनं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या ऑगस्टमध्ये ५७ च्या वर गेलं होतं. २००५ चा पूर बघितलेली, २०२१ ला परत सामान वर चढवलेली माणसं आहेत ही, त्यांना तू काय फसवणार? तुमच्या हॉलच्या खिडकीच्या चौकटीवर ती मातकट रेघ अजून दिसते, ती घासून काढायला माझी ना नाही, पण समोरच्यानं विचारायच्या आधी तूच सांग की पाणी इथवर होतं, इतके दिवस होतं आणि त्यानंतर आम्ही हे हे काम करून घेतलं. नाहीतर तो खाली उतरल्यावर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात विचारणारच, आणि तिथनं कळलं की तुझ्या बाकीच्या खऱ्या गोष्टी पण त्याला खोट्या वाटायला लागतात.

आता भिंत. पुरात भिजलेल्या विटेत क्षार राहतात, त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो. वरनं पुट्टी आणि भारीतला वॉटरप्रूफ कलर मारला की ओल आतच कोंडते आणि पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. जाणता माणूस येतो ना, तो स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाच्या पट्टीच्या) वर अंगठा दाबतो, मग खिशातनं नाणं काढून टकटक करत जातो, जिथं प्लास्टर सुटलंय तिथं आवाज पोकळ येतो, आणि त्या आवाजासरशी त्याच्या मनातला भाव खाली येतो. त्यामुळे खराब झालेलं प्लास्टर ओलीच्या खुणेच्या वर फूटभर धरून विटेपर्यंत काढून घे, क्षार कोरड्या ब्रशनं झाड (पाणी मारू नको, परत आत मुरतात) आणि भिंत उघडी तशीच ठेवून दे. उन्हाळा हातात आहे त्याचा फायदा घे. नीट वाळल्यावर सिमेंटचं प्लास्टर, खालच्या भागात पीओपी अजिबात नको, गवंडी आग्रह करेल तरी नको. आणि मग एक पावसाळा जाऊ दे! कलर गणपतीनंतर. पितृपक्षात तसंही कोणी घर बघायला येत नाही, दसऱ्याला दाखवायला काढ. "दुरुस्तीनंतर एक पावसाळा गेलाय, बघा भिंत" हे वाक्य कुठल्याही मॉड्युलर किचनपेक्षा जास्त पैसे मिळवून देतं. किचनवर खर्च करूच नको, घेणारा स्वतःच्या आवडीचं करतो. शहाबादी फरशीवर टाइल्स पण नकोत, पॉलिश करून घे, झकास दिसते. पाण्यात गेलेले स्विचबोर्ड आणि त्यांचं वायरिंग मात्र बदल. गच्चीचा उतार, पन्हळी, ड्रेनेजचा चेंबर, गळके नळ, कुरकुरणारी दारं, हे किरकोळ आहे, दोन-चार दिवसांत उरकेल.

भिंत वाळतीय तोवर कागदांच्या मागं लाग, खरा वेळ तिथंच जातो. प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे मालकीचा सरकारी उतारा, ऑनलाइन निघतं, आजच काढून बघ. माझ्या अंदाजानं त्यावर अजून तुझ्या आजोबांचंच नाव असणार. म्हणजे आधी आजोबांचे वारस, मग बाबांचे, अशा नोंदी सिटी सर्व्हे ऑफिसला करून घ्यायच्या. आजोबांच्या वारसात तुझी आत्या पण येते हे लक्षात ठेव. लोक म्हणतील तिच्याकडनं हक्कसोड (वाटा सोडल्याचं पत्र) करून घ्या, ते रजिस्टर्डच लागतं, पण मला विचारशील तर आत्यालाही खरेदीखतात लिहून देणार, म्हणजे विकणारी, म्हणून घे आणि तिचा वाटा तिला दे, घेणाऱ्याचा वकील पण निवांत आणि नातं पण टिकतं. दुसरं, बाबांनी घरावर कर्ज काढलं होतं, ते फिटलंय मला माहितीय, पण कार्डावरचा बोजा (कर्जाची नोंद) आपोआप कमी होत नसतो, बँकेचं पत्र देऊन कमी करून घ्यावा लागतो. मागची खोली नंतर बांधलेली, ती मंजूर नकाशात आहे का बघ. घरपट्टी-पाणीपट्टी भरून महापालिकेचा थकबाकी नसल्याचा दाखला घे.

भावाचं म्हणशील तर सांगलीतल्याच विश्रामबागचा रेट इथं लावू नको. आपल्याच गल्लीत हल्ली झालेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू (नोंदणीचे उतारे, त्यात किंमत असते) काढ, ब्रोकरच्या तोंडच्या आकड्यापेक्षा ते बरं, आणि त्याचं कमिशन घर दाखवायच्या आधी ठरवून टाक. कोणी "थोडे कॅशमध्ये घ्या" म्हणालं तर सरळ नाही म्हण, घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेतलेली चालत नाही आणि दंड रोख घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हालाच. विक्रीच्या नफ्यावरच्या टॅक्ससाठी मूळ किंमत म्हणून १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, त्या तारखेच्या रेडी रेकनरपेक्षा (सरकारी दरापेक्षा) जास्त नाही पण, त्याचा रिपोर्ट रजिस्टर्ड व्हॅल्युअरकडून घे. जुनी प्रॉपर्टी असल्यामुळे १२.५ टक्के की इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे मूळ किंमत वाढवणं) धरून २० टक्के, जे कमी पडेल ते तुमच्या सीएला काढायला सांग.

घर रिकामं करताना आईला सोबत आण. तांब्याचा बंब, नावं घातलेली भांडी, माळ्यावरच्या ट्रंका, यातलं काय ठेवायचं ते तिलाच ठरवू दे, तू मध्ये बोलू नको. पण फोटो काढायच्या दिवशी हॉलमध्ये एवढं सामान नको की फरशी दिसत नाही. फोटो सकाळचे काढ, पूर्वेच्या खिडक्या आहेत तुमच्या, उजेड मस्त येतो.

शनिवारी येतीयस तर कर्जाची फाइल शोधून ठेव, भिंती कुठवर फोडायच्या ते मी खडूनं आखून देतो, गवंड्याला पण बोलावलंय. आणि आत्याला व्हॉट्सअ‍ॅप करू नको, फोन कर, जमलं तर मिरजेला जाऊनच ये.

काका