फोटो आणि कविता : सुरुवात करताना

शेजारच्या आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबाच्या घरातल्या जगण्यावर फोटो आणि सोबत कविता अशा जोड्या करायच्यात ना तुम्हाला? त्यांनी फोटो काढायला होकार दिलाय, म्हणजे अवघड काम झालंच की! आता घाई नको.

आधी १९५५चं ‘द स्वीट फ्लायपेपर ऑफ लाइफ’ हे पुस्तक मिळवून बघा. छायाचित्रकार रॉय डिकरावा यांनी न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत फोटो काढले, कवी लँगस्टन ह्यूज यांनी ते समोर ठेवून एका आजीच्या तोंडी मजकूर लिहिला. मजकूर गद्यच, पण लय कवीची. आजी फोटोचं वर्णन करत बसत नाही. नातवाची, रॉडनीची बाजू घेत गप्पा मारते. नवशिके नेमके इथेच घसरतात. फोटोत आजी हसतेय आणि खाली ओळ, ‘आजीचं हसू’. खोडा ती.

बाकी एवढंच पाळा :

- एकच जागा धरा. छायाचित्रकार कॅरी मे वीम्स यांनी १९९०च्या फोटोमालिकेत स्वयंपाकघरातलं टेबल आणि त्यावरचा दिवा एवढ्यावर अख्खा संसार उभा केला.
- नुसतं दुःख शोधत फिरू नका. चर्चला निघायची गडबड, लेकीच्या वेण्या, गृहपाठावरून वाद, हेही घरच.
- कविता आधी घरच्यांना ऐकवा. नको म्हणाले तर बाद.

कोणती लेन्स वापरायची ते नंतर बघू. आठ-दहा जोड्या जमल्या की दाखवा.