मोडेम परत दिला, पण पोच घेतली नाही

प्रश्न : वकीलसाहेब, मी मुलुंड पूर्वेला एका सोसायटीत राहते. आमच्याकडे सहा वर्षं केबलवाल्यांचंच इंटरनेट आहे. मोडेम त्यांचा, महिन्याला शंभर रुपये भाडं आणि वर जीएसटी, म्हणजे ११८ रुपये. सुरुवातीला १५०० रुपये डिपॉझिट घेतलं, त्याची पावती आहे. मोडेम सारखा बंद पडायचा. अमेरिकेतला भाचा म्हणाला, "मावशी, स्वतःचा घे, इकडे पुष्कळ जण तसंच करतात." मुलाने लॅमिंग्टन रोडवरून ३२०० रुपयांचा नवा मोडेम आणला. केबलच्या ऑफिसातला मुलगा आला, त्याने फोनवरून कुणाला तरी नव्या मोडेमवरचे आकडे वाचून दाखवले, नेट चालू करून दिलं आणि जुना मोडेम अडॅप्टरसकट पिशवीत घालून नेला. "काकू, ऑफिसात जमा करतो," म्हणाला. मी कागद मागितला नाही. त्यानंतरची तिन्ही बिलं भाड्यासकट आली, ती मी भरलीही. चौकशी केली तर म्हणतात, जुना मोडेम जमाच नाही, ४५०० रुपये भरा. तो मुलगा काम सोडून गेलाय. मी नकार दिला, तर गेल्या आठवड्यात नेट बंद केलं आणि फोनवर एक जण म्हणाला, "चोरीची कम्प्लेंट टाकू." सुनेचं दोन दिवस घरून काम असतं, तिची पंचाईत झाली आहे. बिल अजून ह्यांच्याच नावावर येतं. ते जाऊन दोन वर्षं झाली. मला रात्री झोप लागत नाही. काय करू?

उत्तर :

ताई, आधी चोरीचं बोलू, कारण तुमची झोप त्या एका शब्दाने उडाली आहे. दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू, त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने हलवली तर ती चोरी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये हेच सांगितलं आहे. इथे मोडेम त्यांनीच तुमच्या घरात आणून बसवला आणि त्याचं भाडं सहा वर्षं घेतलं. यात चोरी कुठेच बसत नाही. विश्वासघाताचा गुन्हा म्हणावा, तर वस्तू लबाडीने गिळंकृत केल्याचं दाखवावं लागतं, आणि तुम्ही तर ती त्यांच्याच माणसाच्या हाती दिलीत. समजा पोलीस ठाण्यातून फोन आलाच, तर घाबरून ४५०० रुपये भरू नका. मुलाला बरोबर घेऊन जा, डिपॉझिटची पावती, बिलं आणि नव्या मोडेमचं बिल दाखवा, आणि घडलं ते लेखी द्या. हा देण्याघेण्याचा वाद आहे, फौजदारी नाही. ज्या नंबरवरून धमकी आली, त्या फोनची तारीख आणि वेळ मात्र लिहून ठेवा.

आता मूळ मुद्दा. भाड्याने दिलेली वस्तू म्हणजे कायद्याच्या भाषेत निक्षेप. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १४८ पासून पुढे त्याचे नियम आहेत. ज्या कामासाठी वस्तू दिली ते काम संपलं की ती परत करायची, हे कलम १६० सांगतं. भाडं वस्तू वापरण्याचं असतं. वस्तू परत गेल्यावर पुढच्या महिन्याचं भाडं लावायला आधारच उरत नाही. त्यामुळे तुमची तिन्ही बिलांतली भाड्याची रक्कम, ११८ गुणिले ३, म्हणजे ३५४ रुपये, ही परत मिळण्यासारखी आहे, आणि डिपॉझिटही.

तुमची बाजू लंगडी पडते ती एकाच ठिकाणी, आणि ते तुम्हालाही ठाऊक आहे : पोच नाही. माझ्याकडे येणाऱ्या अशा बहुतेक प्रकरणांत गोष्ट इथेच अडते. घरी आलेला मुलगा ओळखीचा असतो, 'काकू' म्हणतो, पाणी पिऊन जातो, त्याच्याकडे कागद मागायला संकोच वाटतो. मुंबईत १ नोव्हेंबर २०१२ पासून केबल टीव्ही डिजिटल झाला आणि घरोघरी सेट टॉप बॉक्स आले. पण आपल्या टीव्हीखालचा बॉक्स विकत घेतलेला आहे की भाड्याचा, याचा कागद आजही किती घरांत निघेल, याची मला शंका आहे. इंटरनेटच्या मोडेमचं तेच झालं.

पण पोच नाही म्हणजे पुरावा नाही, असं मुळीच नाही. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं : त्याने फोनवरून नव्या मोडेमवरचे आकडे वाचून दाखवले. ताई, तुमची केस या वाक्यावर उभी आहे. केबलचा मोडेम बाजारातून आणून नुसता वायरला जोडला तर चालत नाही. प्रत्येक मोडेमच्या खाली लेबलवर बारा आकडे-अक्षरांचा एक मॅक क्रमांक छापलेला असतो. तो कंपनीच्या यंत्रणेत तुमच्या खात्यावर चढवावा लागतो, तेव्हाच तो मोडेम नेटवर्कवर येतो. म्हणजे त्या दिवशी कंपनीनेच, आपल्या हाताने, तुमच्या खात्यावर तुमचा स्वतःचा मोडेम नोंदवला. मोडेम बदलण्याला त्यांची संमती होती, याचा यापेक्षा चांगला पुरावा दुसरा नाही. ती नोंद तारीख-वेळेसकट त्यांच्या संगणकात असणार. त्या क्षणानंतर जुन्या मोडेमचा क्रमांक नेटवर्कवर पुन्हा कुठे दिसला का, हेही त्यांनाच पाहता येईल. दुसऱ्याच गल्लीत तो जोडलेला निघाला तर तो कुणी नेला याचं उत्तर त्यांनीच शोधायचं. कंपनीला पाठवायच्या नोटिशीत हा रेकॉर्ड नावानिशी मागा. त्यांनी तो दडवला, तर तो त्यांच्या विरोधात जाणारा होता असा अर्थ काढा, अशी विनंती ग्राहक आयोगाला करता येते.

दुसरा पुरावा तुमचा स्वतःचा शब्द. ग्राहक आयोगात प्रकरण प्रतिज्ञापत्रांवर आणि कागदपत्रांवर चालतं. मोडेम नेताना तुम्ही पाहिलंत, तुमच्या मुलाने पाहिलं असेल, शेजारच्या वहिनी दारात असतील, तर त्या सगळ्यांची प्रतिज्ञापत्रं हा पुरावाच आहे.

"तो मुलगा आमचा नव्हता, स्थानिक केबलवाल्याचा होता," असं कंपनी म्हणेल. बिल एका कंपनीचं, वायर दुसऱ्याची, दारात येणारा तिसराच, ही मुंबईची रीतच झाली आहे. करार अधिनियमाचं कलम २३७ अशा वेळी उपयोगी पडतं. हा माणूस आमच्या वतीने काम करतो, असा समज ज्याने ग्राहकाच्या मनात आपल्या वागण्याने निर्माण केला, त्याला त्या माणसाच्या कामाची जबाबदारी झटकता येत नाही. म्हणून तक्रारीत कंपनी आणि स्थानिक केबलचालक, दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. एकाला सोडलंत तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतील.

आता भाच्याच्या सल्ल्याबद्दल. तो चुकीचं बोलला नाही, पण तिथला कायदा इथे नाही. अमेरिकेत २०१९ साली कायदा करून, ग्राहक स्वतःचं उपकरण वापरत असेल तर कंपनीने दिलेल्याच नाही अशा उपकरणाचं भाडं लावायला बंदी घातली गेली. ती अंमलात आली २० डिसेंबर २०२० पासून. आपल्याकडे इतका थेट शब्द नाही. आहे ते ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चं कलम २(४१) : एक सेवा हवी असेल तर दुसरी वस्तू विकत किंवा भाड्याने घेतलीच पाहिजे, अशी अट घालणं ही निर्बंधात्मक व्यापार प्रथा. मोडेमच्या सक्तीच्या भाड्यावर हे कलम लावता येतं, असं माझं मत आहे. तरी 'मला स्वतःचा मोडेम लावायचा हक्क आहे' हा मुद्दा तुम्ही मुख्य करू नका. नेटवर्कच्या तांत्रिक गरजेचं कारण पुढे करून कंपनी वाद लांबवेल. तुम्हाला त्याची गरजही नाही, कारण तुमचा मोडेम त्यांनी लावून दिलेलाच आहे. तुमचा प्रश्न एवढाच : लावून दिल्यावर भाडं कशाचं?

आणि ४५०० रुपये? तुम्ही सहा वर्षांत, म्हणजे ७२ महिन्यांत, भाड्यापोटी ८४९६ रुपये भरलेत. नवाकोरा मोडेम तुम्हाला ३२०० ला मिळाला. सहा वर्षं वापरलेल्या, वरचेवर बंद पडणाऱ्या मोडेमचे ४५०० कोणत्या हिशेबाने? करारात हा आकडा छापलेला असला तरी करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे तो फार तर वरची मर्यादा ठरतो. मिळते ती वाजवी भरपाई. म्हणजे मोडेम हरवल्याचं सगळं खापर तुमच्यावर फुटलं असं धरलं, तरीसुद्धा हा आकडा टिकणं कठीण आहे.

एक सावधगिरी. तक्रारीत 'अनुचित करार' हे शब्द वापरायचा मोह होईल, कारण जास्तीचं डिपॉझिट आणि अवाजवी दंड त्याच व्याख्येत येतात. पण अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, ती राज्य आयोगात करावी लागते. ३५४ रुपये आणि १५०० च्या डिपॉझिटसाठी तिथवर जायचं कारण नाही. सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा, एवढ्यावरच राहा. वस्तू घेऊन सेवा देताना पावती न देणं, हेही ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम २(४७) च्या यादीत जवळून बसवता येतं, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

बिल यजमानांच्या नावावर आहे याची चिंता नको. मृत ग्राहकाचा वारस तक्रार करू शकतो, आणि सेवा प्रत्यक्ष वापरणारी व्यक्तीही ग्राहकच असते. मृत्यूचा दाखला आणि रेशन कार्डाची प्रत जोडा. मात्र खातं तुमच्या नावावर करून घ्यायचा अर्ज आता देऊ नका. नव्या फॉर्मवर सही घेऊन ते नव्या अटी पुढे सरकवतील. वाद मिटल्यावर ते काम करा.

आता क्रम. आधी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून घ्या. तो देणं त्यांना बंधनकारक आहे. मुदतीत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या विनियमांनुसार ३० दिवसांत कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. त्याला फी नाही आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करा. लहान रकमांचे वाद तिथे बरेचदा मिटतात. नियामकाला थेट पत्र लिहिण्यात वेळ घालवू नका, एकेका ग्राहकाचं भांडण ते सोडवत नाहीत. आणि नोटीस स्पीड पोस्टानेच पाठवा (२०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट त्यातच विलीन झालंय), पोहोचल्याचा ट्रॅकिंगचा कागद छापून ठेवा. पंधरा दिवसांची मुदत द्या.

नोटिशीत भाषा साधी ठेवा : "अमुक तारखेला आपल्या प्रतिनिधीने माझा मोडेम आपल्या यंत्रणेत नोंदवला व आपला मोडेम अडॅप्टरसह ताब्यात घेतला. त्यानंतर आकारलेलं भाडं ३५४ रुपये आणि अनामत १५०० रुपये परत करावी, सेवा तत्काळ सुरू करावी, आणि त्या तारखेची दोन्ही मोडेमच्या क्रमांकांची नोंद मला द्यावी." जुन्या मोडेमचा क्रमांक डिपॉझिटच्या पावतीवर किंवा बसवतानाच्या फॉर्मवर असतो, तो शोधून घाला.

तरीही ऐकलं नाही, तर वांद्रे पूर्वेचा मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य. वकील लागत नाही, ऑनलाइन दाखल करता येते, सुनावणी व्हिडिओवर मागता येते. मुदत दोन वर्षांची आहे, तुमची तर नुकतीच सुरू झाली. दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत, असं कंपनीचे वकील २००९ च्या एका निकालाच्या जोरावर वर्षानुवर्षं सांगत आले. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात त्या वादावर पडदा टाकला : चालतात. नेट तातडीने सुरू करून हवं असेल तर ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३८(८) खाली अंतरिम आदेशाचा अर्ज त्याच दिवशी द्या.

तोवर सुनेचं काम अडवून ठेवू नका. दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घ्या, त्याने तुमचा हक्क जात नाही. त्याचा खर्च, आणि मधल्या दिवसांत तिने मोबाइलवर केलेल्या डेटा रिचार्जच्या पावत्या, नुकसानभरपाईत मागा. नव्या ठिकाणी मोडेम भाड्याचा असेल तर पहिल्या दिवशीच त्याच्या खालच्या लेबलचा फोटो काढा.

आणि एक काम आज संध्याकाळीच. खाली वॉचमनकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांचं रजिस्टर असतं. नाव, फ्लॅट नंबर, आत आल्याची वेळ, गेल्याची वेळ, बहुतेक वेळा कामाच्या रकान्यात नुसतं 'केबल'. त्या तारखेचं पान शोधा, फोटो काढा, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींकडून त्या पानाच्या प्रतीवर शिक्का-सही घ्या. सीसीटीव्हीचं चित्रण तीन महिन्यांनी बहुधा पुसलेलं असेल, पण वही असेल. वह्या भरल्या की रद्दीत जातात, म्हणून उद्यावर टाकू नका.