ड्रॅगन उडतो, पण त्याला वजन नाही

प्रश्न : ताई, मी सोलापुरात अशोक चौकाजवळ राहते, अकरावीत आहे. राक्षस, उडते घोडे, ड्रॅगन यांच्या गोष्टी मिळतील तिथून वाचते, ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) बघते आणि बघून चित्रं काढते. आता माझ्याच गोष्टीतला ड्रॅगन फोनवरच्या ॲपमध्ये उडवून पाहिला. सुटं सुटं चित्र छान दिसतं, पण उडताना तो पतंगासारखा तरंगतो. वडील यंत्रमागावर कामाला आहेत, त्यांच्याकडे पेन टॅब्लेट (पेनाने संगणकावर चित्र काढायची पाटी) मागायचं धाडस होत नाही. टॅब्लेटशिवाय जमेल का? बारावीनंतर यातलं शिक्षण कुठे मिळेल?

उत्तर : टॅब्लेट आत्ता मागू नकोस. तुझा ड्रॅगन तरंगतो याचं कारण टॅब्लेट नसणं हे नाही. त्याला वजन नाही, म्हणून तो तरंगतो.

तू पाठवलेली चित्रं मी एकामागून एक ठेवून पाहिली. पंख वर-खाली होतात, पण धड एकाच जागी राहतं. खऱ्या पक्ष्याचं तसं नसतं. पंख खाली मारला की हवा दाबली जाते आणि अंग वर उचललं जातं. पंख वर घेताना अंग थोडं खाली बसतं. वर नेताना पक्षी पंख मनगटात दुमडून घेतो, खाली मारताना पूर्ण पसरतो. आधी मनगट फिरतं, टोक मागून येतं. शेपटीही तशीच, धडाच्या मागून. एवढं दुरुस्त केलंस तरी फरक दिसेल.

हे शिकायला कंबर तलावावर जा. सकाळी लवकर, वही घेऊन. बगळा उठताना आधी पाय वाकवतो, मान मागे घेतो, मग झेपावतो. हे वाकणं तुझ्या ड्रॅगनमध्ये नाहीच. तो उभ्या उभ्या हवेत जातो. चिमणीचे पंख डोळ्याला धूसर दिसतात, बगळ्याचे मोजता येतात. जनावर जितकं मोठं, तितका प्रत्येक हालचालीला वेळ जास्त. पडद्यावर एका सेकंदात २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चौकटी असतात. एक चित्र दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला १२ चित्रं. तू पंखाची एक फडफड चार चित्रांत संपवली आहेस. एवढ्या मोठ्या जनावरासाठी तो वेग फार झाला. बारा चित्रं दे, तो मोठा होईल.

वजन बघायला आपल्या गावात तर दुसरीकडे जायची गरजच नाही. संक्रांतीच्या आधी सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजाचा, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठीचा, सराव चालतो, तिथे उभी राहा. एवढा उंच ध्वज पेलणाऱ्याचे गुडघे कसे वाकतात, कंबर कुठे जाते, तोल जायला लागला की आधी पाय सरकतो की खांदा, ते काढ. चेहरा, अंगातल्या बाराबंदीच्या घड्या सोडून दे. नुसत्या रेघा, घाईघाईत. याच यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, जनावरांचा बाजार भरतो तिथे बैल बसताना आणि उठताना बघ. बैल उठताना आधी मागचे पाय उभे करतो. घोडा पुढचे करतो. तुझ्या उडत्या घोड्याला हे लागणार आहे.

ॲनिमे बघून काढणं सोडू नकोस. मीही तशीच शिकले, आणि पुढे स्टुडिओत दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढायची नोकरी मिळाली तेव्हा ती सवय कामाला आली. फक्त नक्कल करताना दुसऱ्याने निरीक्षणातून काढलेला निष्कर्ष आपल्या हाती येतो, निरीक्षण येत नाही. सोळाव्या वर्षी ते मिळवायला वेळ आहे. तो वापर.

सरावासाठी ज्वारीचं अर्धं भरलेलं पोतं काढ. त्याला चालव, घाबरव, उडी मारायला लाव. तोंड नाही, हात नाहीत, तरी ते घाबरलेलं कळलं पाहिजे. दाबलं गेलं की रुंद, ताणलं गेलं की लांब, पण आतली ज्वारी तेवढीच. स्टुडिओत नव्या मुलांना हाच धडा देतात आणि मला तो सगळ्यात आवडतो. साहित्य एवढंच: साधे कोरे कागद, दोन भोकांचं पंचिंग मशीन, कागद सरकू नयेत म्हणून पुठ्ठ्यावर दोन खुंट्या, आणि खालचं चित्र वर दिसावं म्हणून काचेखाली बल्ब. प्रत्येक चित्राचा फोनवर फोटो. दादासाहेब फाळक्यांनी १९१३च्या पहिल्या चित्रपटाआधी वाटाण्याचं रोप उगवताना असंच थोडं थोडं टिपलं होतं. घरात किंवा कॉलेजात संगणक मिळाला तर क्रिता, पेन्सिल टूडी आणि ब्लेंडर ही चित्रं हलवायची सॉफ्टवेअर फुकट आहेत. त्रिमितीकडे (थ्रीडी) वळायची घाई नको.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. बारावी कोणत्याही शाखेची चालते. अहमदाबादच्या एनआयडीत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) ॲनिमेशनची पदवी आहे, प्रवेश तिच्याच डीएटी परीक्षेतून. मुंबई आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागासाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा. राज्यातल्या कला महाविद्यालयांच्या बीएफए या कला पदवीसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा. इंटरमिजिएट ड्रॉइंग ग्रेड परीक्षा दिली नसेल तर देऊन टाक. खासगी क्लासवाले नोकरीची हमी देतील. तिथल्या मुलांनी स्वतः केलेलं काम बघायला माग. दाखवलं नाही तर फी भरू नकोस.

आणि वडिलांशी बोल. चादरीवरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर काढतात, मग जेकार्डची, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी भोकांची कार्डं पाडतात. एकेक रेघ मोजून चित्र हलवायचं काम काय असतं, हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.